यातले कोरोनाचे कोणते?

आजीचा अंगठा काही केल्या उठत नव्हता. ई-सेवा केंद्रातल्या पोरानं आधी मशीनची काच शर्टाच्या टोकानं पुसली, मग आजीला अंगठा ओल्या फडक्यावर दाबायला लावला, मग कोरड्यावर, आणि शेवटी म्हणाला, "केसावरून फिरवा एकदा." तेलाचा हलका हात लागला की झिजलेल्या रेघा जरा वर येतात, हे या केंद्रांमध्ये सगळ्यांना माहीत असतं. दुपारची वेळ, मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, पत्र्याचं छत, पीएम किसान या केंद्र सरकारच्या शेतकरी मदत योजनेच्या ई-केवायसीसाठी, म्हणजे आधारवरून ओळख पटवायला, बाहेर बाकावर सात-आठ जण. मशीनवरचं गोल फिरत राहिलं तेवढ्या वेळात आजीनं कमरेच्या पिशवीतून पासबुक काढलं, दोन पानं उलटली आणि पोरापुढं धरलं. "ह्यातले कोरोनाचे कोणते रे बाबा?" पोरगं हसलं. "आजी, कोरोनाचे वेगळे नव्हते. हेच ते." आजीनं पासबुक मिटलं नाही. बोट तसंच ओळींवर.

प्रश्न साधा होता, उत्तरही खरं होतं. तरी ते दोन्ही मनातून जाईनात.

पासबुकाची छपाई म्हणजे रिबन संपत आलेल्या प्रिंटरची. निळसर, अर्धवट, एक ओळ दुसरीच्या अंगावर चढलेली. पण 2000.00 हा आकडा कितीही पुसट असला तरी ओळखू येतो, कारण तो पीएम किसानचा हप्ता म्हणून वर्षातून तीनदा येतो. एप्रिल ते जुलैमधला एक, ऑगस्ट ते नोव्हेंबरमधला एक, डिसेंबर ते मार्चमधला एक. 2019 च्या फेब्रुवारीत योजना सुरू झाली तेव्हा ती 2 हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती. त्याच वर्षीच्या जूनपासून ती मर्यादा काढली. 2020 च्या एप्रिलमधली ओळ वरच्या आणि खालच्या ओळींसारखीच दिसते. तिच्यावर कुठं साथ लिहिलेली नाही, टाळेबंदी लिहिलेली नाही. पण 26 मार्च 2020 ला अर्थमंत्र्यांनी 1.70 लाख कोटींचं गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं, त्यात शेतकऱ्यांच्या नावानं जी रक्कम होती ती हीच: 8.70 कोटी शेतकऱ्यांना 2000 रुपये, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. गुणाकार केला तर 17,400 कोटी होतात. पॅकेजचा साधारण दहावा हिस्सा. आणि हा दहावा हिस्सा फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पात पीएम किसानसाठी ठेवलेल्या 75,000 कोटींमध्ये आधीच बसलेला होता. तेव्हा साथ चीनमधली बातमी होती.

हप्ता तोच होता, तारीख तेवढी अलीकडे ओढली होती.

याला फसवणूक म्हणावं इतकं सोपं मात्र ते नाही. शेतीत पैसा किती आला यापेक्षा कधी आला याला किंमत असते, हे ज्यानं मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्राच्या पायऱ्या चढल्यात त्याला सांगावं लागत नाही. नियमाप्रमाणे हा हप्ता 31 जुलैपर्यंत केव्हाही देता आला असता. जुलैअखेर आला असता तर पेरणी उरकलेली, बियाणं उधारीवर उचललेलं, आणि दुकानदाराच्या वहीत उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा चढा लावलेला. एप्रिलमध्ये आला म्हणून तो रोखीत वापरता येणार होता. त्या साली बीटी कपाशीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत 730 रुपये होती. एकरी दोन पाकिटं धरली तर 1460. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैसे. झाले 1726.50. उरले 273 रुपये 50 पैसे. एवढ्यात डीएपी खताची गोणी येत नाही, औताचं भाडं निघत नाही, निंदणीची एका दिवसाची दोन माणसं कशीबशी निघतात. म्हणजे एका एकराची नुसती सुरुवात. पण त्या एप्रिलमध्ये किती घरांनी ते बियाण्यासाठी ठेवले असतील? बाजार समित्या कधी चालू कधी बंद, टरबूज वावरात फुटतंय, फुलांवर नांगर फिरलाय, द्राक्षाला व्यापारी नाही म्हणून बागायतदार सापडेल त्या शेडवर बेदाण्यासाठी माल टाकतोय. अशा वेळी खात्यावर आलेले दोन हजार आधी किराण्याला जातात. खरिपाला पुन्हा उधारीच. आणि त्याच खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून कितीतरी गावांत दुबार पेरणी झाली, ती कहाणी आणखी वेगळी.

शिवाय खात्यावर येणं आणि हातात येणं यांच्यामधलं अंतर त्या महिन्यात फार लांबलं होतं. एसटी बंद. बँकेची शाखा आठ-दहा किलोमीटरवर, आणि रस्त्यात पोलीस. शाखेबाहेर चुन्यानं आखलेले गोल, गोलात माणसांऐवजी चपला, पिशव्या, एखादा दगड. माणसं लिंबाच्या सावलीला. याच दिवसांत महिलांच्या जनधन खात्यावरचे महिना 500 रुपयेही सुरू झाले होते, आणि गर्दी फुटावी म्हणून त्यांना खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार दिवस ठरवून दिले होते. 0 आणि 1 वाल्यांना 3 एप्रिल, 2 आणि 3 ला 4 एप्रिल, 4 आणि 5 ला 7, 6 आणि 7 ला 8, 8 आणि 9 ला 9 एप्रिल. व्यवस्था कागदावर चोख होती. पण घरातल्या बाईचा आकडा 9 आणि नवऱ्याच्या खात्यावर पीएम किसान आलेलं, म्हणजे एकाच घरातून दोन दिवस दोन खेपा, आणि तीही उन्हात पायी. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर मायक्रो एटीएम होतं, तिथं अंगठ्यावर पैसे मिळायचे. पण अंगठ्याआधी सॅनिटायझर. ओलं बोट काचेवर टेकवलं की ठसा पसरतो, आणि स्पिरिटनं कोरडं पडलेलं बोट टेकवलं की रेघाच उठत नाहीत. दोन्ही वेळा मशीन नाही म्हणतं. नेटवर्क मध्येच तुटलं तर आणखी वाईट: खात्यातून रक्कम वजा झाल्याचा मेसेज येतो आणि समोरचा पैसे देत नाही, कारण त्याच्या मशीनवर व्यवहार फसलेला असतो. ती रक्कम आपोआप परत येते, पण यायला काही दिवस लागतात, आणि तेवढे दिवस त्या दोघांमध्ये गावकीतलं बोलणं बंद राहतं. पोस्टमनचं त्या काळात भलं झालं म्हणतात ते खरं आहे. पोस्टाच्या बँकेचं यंत्र घेऊन तो दारात यायचा आणि कुठल्याही बँकेतल्या आधार जोडलेल्या खात्याचे पैसे ओट्यावर मोजून द्यायचा.

ऊसतोडीला गेलेल्यांचं तर विचारूच नका. खातं बीडकडच्या शाखेत, माणसं कारखान्याच्या कोप्यांवर, झोपड्यांत. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांना गावी परतायची परवानगीच नव्हती. हप्ता वेळेवर पोचला होता, माणूसच खात्यापासून अडीचशे किलोमीटर लांब होता.

ज्यांच्या खात्यावर आलेच नाहीत त्यांची कारणं मात्र साथीच्या आधीची होती. साथीनं ती फक्त उघडी पाडली. या पैशाचा प्रवास असा असतो: गावाच्या यादीतलं नाव तालुका, जिल्हा, राज्य असं तपासत वर जातं, पीएफएमएस नावाची केंद्राची यंत्रणा खातं खरं आहे का बघते, मग राज्य निधी मागणीवर सही करतं, त्याला आरएफटी म्हणतात, मग एफटीओ म्हणजे रक्कम सोडण्याचा हुकूम निघतो आणि शेवटी बँक. स्टेटस बघायला गेलेल्या माणसाला पडद्यावर यातलंच एखादं वाक्य दिसतं. आरएफटी सही झाली दिसलं तर वाट बघायची. एफटीओ निघाला पण खात्रीची नोंद नाही असं दिसलं तर बँकेच्या पातळीवर अडलंय. राज्यानं थांबवलंय असं दिसलं तर सेवा केंद्रातल्या पोराच्या हातात काही नाही, तालुक्यालाच जावं लागतं. आणि तालुक्याला गेलं की हे काम महसूलचं की कृषीचं हा जुना वाद आडवा यायचा. तहसीलवाला कृषी कार्यालयाचं दार दाखवायचा, कृषीवाला तहसीलचं.

अडण्याची कारणं बहुतेकदा नावातच असतात. सातबारावर भागाबाई, आधारवर भागीरथी. सातबारा मराठीत, आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग ज्या पोरानं कॅम्पमध्ये टाइप केलं त्याच्या मर्जीचं, आणि पोर्टलला हवं असतं आधारवरचं अक्षर न अक्षर तसंच. माहेरच्या जमिनीत हिस्सा असलेल्या बाईचं तर एक नाव सातबारावर, दुसरं आधारवर, आणि पासबुकावर नवऱ्याचं नाव मध्ये घातलेलं तिसरं. 1 डिसेंबर 2019 पासून आधार जुळल्याशिवाय हप्ता नाही असा नियम झाला होता, म्हणजे टाळेबंदीच्या जेमतेम चार महिने आधी. ज्यांचं जुळायचं राहिलं होतं त्यांना दुरुस्तीसाठी जी केंद्रं, तीच मार्चअखेर कुलूपबंद.

दुसरं कारण बँकांचं. 1 एप्रिल 2020 ला, म्हणजे पैसे सुटायच्या ऐन तोंडावर, सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत विलीन झाली. देना बँक तर आधीच्या वर्षीच बँक ऑफ बडोदात गेली होती. जुने आयएफएससी, म्हणजे शाखांचे कोड, त्या वेळी चालू ठेवले होते म्हणून तो एप्रिल निभावला. ते कोड 2021 मध्ये बंद पडत गेले, तेव्हा नोंद न बदललेल्यांचे हप्ते अडायला लागले. आणि तिसरं कारण लोकांना आजही उलगडत नाही: बँकेत आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि खातं आधारला पैशासाठी जोडणं वेगळं. झेरॉक्सनं ओळख पटते. पैसे मात्र त्या खात्यावर जातात जे सगळ्यात शेवटी जोडलं गेलं असेल. हप्ता आधारवरून येणार असेल तर तो फॉर्मवर लिहिलेल्या खात्यावर न जाता गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी उघडलेल्या भलत्याच खात्यावर जाऊन बसतो. माणूस म्हणतो आले नाहीत. यंत्रणा म्हणते दिले. दोघंही खरं बोलत असतात.

ही सगळी यादीत असलेल्यांची गाऱ्हाणी. यादीत नसलेल्यांना स्टेटस बघायची सोयच नाही.

2020 चा पाडवा 25 मार्चला आला होता, टाळेबंदीचा पहिला दिवस. मराठवाड्यात, विदर्भात सालगड्याचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं ठरतं. त्या दिवशी मालक आणि गडी अंगणात चार हात लांब बसून साल ठरवत असतील, तोंडाला उपरणं गुंडाळून. सालगडी बारा महिने औत धरतो, रात्रीची लाइट असेल तर दोन वाजता मोटार चालू करतो, फवारणीचा पंप त्याच्याच पाठीवर असतो. पण पीएम किसानच्या भाषेत तो शेतकरी नाही, कारण सातबाऱ्यावर तो नाही. तसाच बटईदार, पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसणारा. तसाच ठोक्यानं, म्हणजे ठरावीक रकमेवर, जमीन करणारा. बियाणं त्याचं, खत निम्मं किंवा पूर्ण त्याचं, टरबूज सडलं तेही त्याचं, आणि दोन हजार मालकाच्या खात्यावर. बटई बहुतेकदा तोंडी असते. लिहून दिलं तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, ही भीती मालकाला सत्तर वर्षं पुरली आहे. त्यामुळं सरकारला उद्या बटईदाराला मदत द्यायची इच्छा झाली, तरी त्याचं नाव कुठल्या कागदावर शोधायचं हा प्रश्न उरतोच. मालक पुण्यात असेल, त्यानं 2014 नंतर वावर पाहिलं नसेल, पण तो सरकारी नोकरीत नसेल आणि आयकर भरत नसेल तर हप्ता त्याचाच.

बायकांचंही तेच. तिफणीमागं, खुरप्याला, वेचणीला त्या. सातबाऱ्यावर नवरा किंवा सासरा. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालची मुलं, आणि एका कुटुंबाला एकच हप्ता. दोघांच्या नावावर वेगळी जमीन असली तरी एकच. नवरा गेला तर? तर आधी वारस नोंद. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही, मग फेरफार, मग नवा सातबारा, आणि मग पीएम किसानची नवी नोंदणी. जमीन 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर आली तर हप्ता नाही असा नियम आहे, वारसानं आली तर त्यातून सूट आहे. पण ही सूट सेवा केंद्रातल्या पोराला माहीत असेलच असं नाही, आणि तारीख बघून अर्ज परत फिरवायला क्षणही लागत नाही. दुसऱ्या लाटेत गेलेल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी हा क्रम पार पडेपर्यंत पुढचे दोन-तीन हप्ते निघून गेले असतील.

अमेरिकेतही त्याच एप्रिलमध्ये शेतकऱ्यांसाठी मदत जाहीर झाली होती, 16 अब्ज डॉलर थेट खात्यावर. तिथला हिशोब मालानुसार होता: इतकी डुकरं, इतकी गुरं, इतकं दूध, इतका मका, आणि एका माणसाला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. जमीन कसणारा खंडकरी असला आणि मालात त्याचा धोका असला तर त्यालाही वाटा. त्यामुळं ज्याचा माल मोठा त्याची मदत मोठी झाली आणि त्यावर तिथंही ओरड झालीच. आपल्याकडं उलट. पाच गुंठेवाला आणि पन्नास एकरवाला, दोघांनाही दोन हजार. यात एक गावरान न्याय आहे, नाकारता येत नाही. पण नुकसान कुणाचं झालं हा प्रश्न आपल्या फॉर्मवर कुठल्याच रकान्यात नव्हता. ज्याची फुलं कुजली त्यालाही तेवढेच, ज्याची ज्वारी कणगीत सुखरूप होती त्यालाही तेवढेच.

आणि 2021 चा उन्हाळा? तो तर पहिल्यापेक्षा कितीतरी काळा होता. पहिल्या लाटेत गावं भीतीनं बंद होती, दुसऱ्या लाटेत गावात तिरड्या उठल्या. त्या साली एप्रिल-जुलैचा हप्ता 14 मेला आला, अक्षय तृतीयेच्या दिवशी. आदल्या साली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिला होता तसा तो अलीकडे ओढला नव्हता. आखाजीला पितरांना घागर भरतात. त्या वर्षी किती घरांत घागर नव्यानं भरावी लागली, हे त्या दिवशी पासबुकावर छापलेल्या 2000 वरून कळत नाही. पण लोकांना विचारलं तर ते 2020 च्या हप्त्याला कोरोनाचे पैसे म्हणतात, 2021 च्या हप्त्याला कुणी म्हणत नाही. नाव कशाला चिकटतं याचं गणित काही वेगळंच असतं.

पहिल्या लाटेच्या शेवटाशेवटाला, 2020 च्या दिवाळीच्या आसपास, आणखी एक कागद गावात आला. वसुलीची नोटीस. नोंदणीच्या वेळी पात्रतेचं स्वयंघोषणापत्र घेतलं होतं; आयकर खात्याच्या नोंदींशी पडताळणी नंतर झाली. मग मागचे सगळे हप्ते परत करा म्हणून तहसीलमधून पत्रं निघाली. 2021 च्या जुलैत संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशभरात 42 लाखांहून अधिक अपात्रांकडे जवळपास 3000 कोटी गेले होते, त्यात महाराष्ट्राचे 358 कोटी. यात लबाड होते, नाही असं नाही. दोन ठिकाणी पेट्रोल पंप आणि वर किसान सन्मान, असेही होते. पण नियम न कळलेलेही पुष्कळ होते. कर भरणारा अपात्र. नुसतं विवरणपत्र भरणारा अपात्र नाही. ट्रॅक्टरच्या कर्जाला फाइल लागते म्हणून एजंटानं शून्य कराचं विवरणपत्र भरून दिलेलं असतं, आणि नोटीस आली की माणूस गपचूप पैसे भरून मोकळा होतो, कारण तहसीलमध्ये वाद घालायला जाणं त्या हप्त्यांपेक्षा महाग पडतं. महिना दहा हजार किंवा जास्त निवृत्तिवेतन असलेला अपात्र, पण शिपाई, चतुर्थ श्रेणीतून निवृत्त झालेला पात्र. चतुर्थ श्रेणी सोडून बाकी सरकारी नोकर अपात्र, पण सज्ञान मुलगा नोकरीत असला तर बाप अपात्र होत नाही. हे शेवटचं वाक्य कुठल्याही चावडीवर लिहिलेलं पाहण्यात नाही.

नोटीस ज्याला आली त्याच्यापेक्षा ती न आलेल्यांमध्ये जास्त फिरली. कोरोनात दिलेले पैसे सरकार परत मागतंय, एवढंच पारावर पोचलं.

त्या दुपारी मशीननं शेवटी हिरवी खूण दाखवली. पोरानं आजीचा आधार परत दिला, पंचवीस रुपये घेतले, पुढच्याला हाक मारली. आजी उठली नाही. "कोरोनाचे वापस मागायलेत म्हणे," ती हळूच म्हणाली. "म्हणून इचारलं. कोणते हायेत ते कळलं तर तेवढे बाजूला ठेवते." पोरानं आता तिच्याकडं नीट पाहिलं. घरात कुणी नोकरीला आहे का, त्यानं विचारलं. "नातू हाय पोलिसात." नातू कुटुंबात धरत नाहीत, तुम्हाला कुणी मागत नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं, बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं. आजीनं मान डोलावली, पण पासबुक पुढंच धरून ठेवलं. "बरं. पण खूण तर करून दे." त्यानं कानावरचं पेन काढलं, पानं मागं उलटली, 2020 पाशी थांबला, एप्रिलच्या पुसट ओळीसमोर छोटीशी फुली मारली आणि पासबुक तिच्या हातात दिलं.